कुसाबाईंच्या नावावरची उत्तरं

"कुसाबाई कोण आहेत हो तुमच्यात?" स्नेहलने तिसऱ्यांदा विचारलं आणि उत्तराची वाट न बघता द्राक्षांच्या मांडवाखाली वाकून पुढच्या ओळीत शिरली.

पाठीवरची सॅक तारेला अडकली. ती सोडवेपर्यंत बायका काम सोडून तिच्याकडे बघत होत्या. ऑफिसच्या नोंदीप्रमाणे तिने याच कुसाबाईंची समोरासमोर बसून बावन्न मिनिटं मुलाखत घेतली होती. चौसष्ट प्रश्न, चौसष्ट उत्तरं. आणि आज चार दिवसांनी ती बाई काळी की गोरी, हेसुद्धा तिला माहीत नव्हतं. सव्वादहा वाजले होते. अकराला नाशिकहून ऑफिसची जीप निफाडच्या या गावात पोचणार होती.

"मीच की," ओळीच्या टोकाकडून आवाज आला.

साठीच्या आतबाहेरची, उंच, लुगड्यावर मुलाचा जुना लांब बाह्यांचा शर्ट चढवलेली बाई. हातात कात्री होती. दुसऱ्या हातात देठाला धरलेला घड होता, तो त्यांनी आधी क्रेटमध्ये नीट निजवला आणि मग विचारलं, "ऑफिसची का तू? लय खराब आलाय का माझा रिपोर्ट?"

भोवतालच्या कात्र्या थांबल्या.

"काल फोन आला, मॅडम जीपनं येनार, माझ्या एकटीशी बोलनार, तशी माझी सून जेवली नाय," कुसाबाई म्हणाल्या. "पोरगा म्हनतो, नाशिकला मोठ्या दवाखान्यात नेतो. म्या म्हनलं, अरे, माझं रक्त तर घेतलंच नाय कोनी, रिपोर्ट आला कुठून? तर तो म्हनतो, आता काय, मशीन दारावरून गेलं तरी कळतं." त्या हसल्या, पण हसू तोंडावर टिकलं नाही. "काय निघालंय सांग बाई एकदाचं. मी घाबरत नाय."

घाबरल्या होत्या. स्नेहलला ते स्पष्ट दिसलं. काल ऑफिसमधून त्या घरी फोन जाईल, त्या फोनवर एक अख्खं घर रात्रभर जागेल, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. ती आपल्याच भीतीत बुडालेली होती.

"मावशी, जरा बाजूला येता?"

रिकाम्या क्रेटची चळत होती तिथे दोघी आल्या. बसायला क्रेट पुढे केला तरी स्नेहल बसली नाही.

"तुम्हाला काही झालेलं नाही," ती घाईने म्हणाली. "रिपोर्ट वगैरे काही नाही तुमचा."

"मग जीप कशाला येऊ ऱ्हायली?"

"माझ्यामुळे."

सांगायला सुरुवात केली तेव्हा तिला वाटलं होतं, दोन वाक्यांत संपेल. ते संपेना. संस्थेचा एक अभ्यास चालला होता. माणसाला जवळची माणसं किती, घरात आणि कामावर आपल्याला न्यायाने वागवतात असं त्याला वाटतं का, आणि या दोन्हींचा त्याच्या तब्येतीशी काय संबंध. गावातल्या यादीतलं एकही नाव सुटता कामा नये, अशी सक्त ताकीद होती, कारण कोण कुणाच्या जवळचं याचं जाळंच काढायचं होतं. एक गाठ सुटली की सगळं विस्कटतं. शेवटच्या दिवशी शेवटचं घर कुसाबाईंचं. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, सगळी सटाण्याला लग्नाला गेलीत, परवा येतील. आणि या गावाचं काम त्याच संध्याकाळी बंद करायचं होतं.

तेव्हा स्नेहलने जे केलं ते तिच्या धंद्यात नवीन नव्हतं. पण ते पचवायला निर्ढावलेला माणूस लागतो, आणि ती तशी नव्हती. प्रशिक्षणात त्यांना बजावून सांगितलं होतं की खोटा फॉर्म चटकन पकडला जातो. खोटं भरणारा भित्रा असतो, तो प्रत्येक ठिकाणी मधलंच उत्तर देतो, आणि कॉम्प्युटरला ते कळतं. फॉर्म ज्यात भरायचा त्या टॅबला तो कुठे बसून भरला ती जागाही कळते. म्हणून ती कुसाबाईंच्याच दारासमोरच्या कडुनिंबाखाली बसली, अंग चोरून, कुणी येतंय का बघत. मधली उत्तरं टाळायची तर कुणातरी अनोळखी बाईचं आयुष्य मनाने रचावं लागलं असतं. तेवढी हुशारी तिच्यात नव्हती. सोपं पडेल म्हणून तिने स्वतःचीच उत्तरं दिली. एकेक प्रश्न नीट वाचून, विचार करून. दोन महिन्यांत इतका खरा फॉर्म तिने दुसरा भरला नसेल.

कॉम्प्युटरने तो खोटा म्हणून पकडला नाहीच. त्याने तो लाल करून वर पाठवला. लाल फॉर्म आला की समुपदेशक बाईंनी स्वतः घरी जाऊन त्या माणसाला भेटायचं, असा नियम होता.

"समु... म्हंजी?"

"बोलून मन हलकं करणाऱ्या डॉक्टर असतात, तशा."

"येड्यांच्या?"

"नाही हो. तसं नाही."

कुसाबाईंनी कात्री मिटून शर्टाच्या खिशात घातली. "काय काय लिवलंस माझ्या नावावर? सांग."

फॉर्म टॅबमधून केव्हाच वर गेला होता, पण ही उत्तरं आठवायला तिला टॅब लागत नव्हता. नजर खाली ठेवून, शाळेत कविता म्हणतात तशी, ती सांगू लागली. रात्री-अपरात्री दुखायला लागलं तर कुणाला हाक माराल? कुणालाच नाही. गेल्या आठवड्यात कामाशिवाय किती जणांशी बोललात? एकाशीही नाही. घरातली कामं, आजारपणं, जबाबदाऱ्या सगळ्यांमध्ये न्यायाने वाटल्या जातात का? अजिबात नाही.

"थांब," कुसाबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा तांबडा झाला होता. "हे वाचलं तर कोनाला काय वाटंल? सुनेनं सासूला वाळीत टाकली, असंच ना? अगं, चार वरसं झाली हर्षालीला येऊन, सकाळी गरम पान्याचा तांब्या आधी माझ्या हातात देती, मग चूल. आन् तू सरकारात लिवून आलीस का हिला कोन इचारत नाय?"

"सरकार नाही, संस्था आहे ती."

"तेच ते! गावात पाय ठेवायला जागा ठेवायची नाय का पोरीला माझ्या?"

स्नेहलने हात जोडले. तेही तिला मागाहून कळलं. "चुकलं माझं. मावशी, तुम्ही फक्त हो म्हणा. तेव्हा असं वाटत होतं, आता बरं आहे, एवढंच सांगा. दहा मिनिटांत त्या जातील. नाही म्हणालात तर माझी नोकरी जाईल. दुसरी कुठली संस्था मला दारातही उभं करणार नाही."

नोकरी गेली तर काय, याचा विचार तिने गेले दोन दिवस केला होता आणि प्रत्येक वेळी अर्ध्यात सोडून दिला होता. पगाराचं एक होतंच. पण सकाळी उठून कपडे बदलायला, केस विंचरायला, दार ओढून घेऊन कुणाच्या तरी उंबऱ्यावर "आहे का कुणी घरात?" म्हणायला या नोकरीशिवाय तिच्याकडे दुसरं कारणच उरलं नव्हतं.

"अजून काय लिवलंस?"

"झालं. बाकी असंच."

"चौसष्ट म्हनलीस. तीनच सांगितले. जीप कशानं येऊ ऱ्हायली ते सांग. एकटी मानसं काय कमी हायेत गावात? त्यांच्या दारात नाय कोनाची गाडी येत."

मांडवाखाली ऊन ठिपक्याठिपक्यांनी पडलं होतं. पलीकडच्या ओळीत बायका पुन्हा कामाला लागल्या होत्या, कात्र्यांचा आवाज येत होता. स्नेहलने ओठ ओले केले.

"जगणं नकोसं झालंय, असं गेल्या महिन्यात किती वेळा वाटलं?"

"आन् म्या काय सांगितलं?"

"बऱ्याचदा."

कडुनिंबाखाली ते एका बोटाचं काम होतं. चार पर्यायांतला तिसरा, मग पुढचं पान. आता तो शब्द तिच्या स्वतःच्या आवाजात बाहेर पडला आणि तिने तो स्वतःच्या कानांनी ऐकला. ती घाबरली. दोन दिवस ती जीपला भीत होती, साहेबांना भीत होती, काळ्या यादीला भीत होती. ही भीती त्यातली नव्हती. ही कधीपासून तिच्याच खोलीवर राहायला होती आणि स्नेहलने आजवर तिच्याकडे मान वळवून बघितलं नव्हतं.

कुसाबाईंचा रागावलेला चेहरा हळूहळू निवला. त्यांनी स्नेहलकडे पहिल्यांदा नीट, वरपासून खालपर्यंत बघितलं.

"घरी कोन हे तुझ्या?"

"भाऊ आहे. पुण्याला असतो."

"आन् हितं?"

"नाशिकरोडला खोली आहे."

"मी मानसं इचारली."

"आई होती. एकलहऱ्याला राहायचो आम्ही. सहा वर्षं अंथरुणावर होती. एप्रिलमध्ये गेली." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "भाऊ म्हणायचा, तुझं काय, तू मोकळीच आहेस. तू बघ."

गावाच्या बाजूने हॉर्न वाजला. स्नेहल दचकून उभ्या जागी वळली.

"बरं," कुसाबाई शर्टाची बटणं काढत म्हणाल्या. "म्हनते मी हो. चल."

*

समुपदेशक उज्वला मॅडम ओट्यावर चपला काढून आत आल्या तेव्हा घर सगळं गोळा झालेलं होतं. मुलगा धनराज दवाखान्याची पिशवी भरून तयार होता. हर्षालीने चहा आणला, पण कपबशी अशी वाजत होती की मॅडमनी उठून ती तिच्या हातातून घेतली.

"स्नेहल, तुम्ही इथे कशा?" त्यांनी विचारलं.

"घर दाखवायला. रस्ता सापडत नाही इथला." खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

"बरं झालं. पण आता सगळ्यांनी बाहेर थांबा. मला कुसाबाईंशी एकट्यांशीच बोलायचंय."

दार लोटलं गेलं. स्नेहल ओट्याच्या कडेला बसली. कुसाबाईंनी शब्द दिला होता, पण शब्द देणं वेगळं आणि समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघत तो पाळणं वेगळं. त्या साध्या बाई. मॅडमनी दोन प्रश्न आडवे-उभे विचारले की गडबडतील. चौसष्टातले त्यांना चारच माहीत. बाकीचे सांगायला हवे होते. सांगायला वेळ होता कुठे? तिने दाराकडे कान दिला. आतून नुसती कुजबुज येत होती.

हर्षाली तिच्या शेजारी येऊन टेकली. पंचविशीची पोर, डोळे सुजलेले.

"ताई, तुम्ही त्यांच्याच ऑफिसच्या ना? खरं सांगा, आईंना काय झालंय?"

"काही नाही झालं."

"मग असं दार लावून का बोलत्यात?" आणि मग अगदी हळू, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेताने, "आई माझ्याबद्दल कुठं काही बोलल्या का? माझं काही चुकलं असंल तर मला तोंडावर सांगायचं ना. मी रात्रभर आठवू ऱ्हायले. मागच्या महिन्यात भाकरी करपली होती म्हणून मी जरा आवाज चढवला होता. एकदाच."

स्नेहलला वाटलं, सांगून टाकावं. आत्ता, इथेच, या पोरीला तरी. तोंड उघडलंही तिने. पण दाराआड नोकरी होती, आणि तिने तोंड मिटलं. हर्षालीने ते बघितलं. तिला वाटलं, ही बाई काहीतरी लपवतेय, म्हणजे नक्कीच वाईट आहे. तिने पदराचा बोळा तोंडात धरला.

ती रडू लागली तेव्हा स्नेहलला स्वतःची शिसारी आली. न्यायाने वागवलं गेलं का, या प्रश्नावर 'अजिबात नाही'चं बटण दाबताना तिला केवढा अधिकार वाटला होता. आणि ते बटण दाबून तिने ज्या पोरीचं तोंड कधी पाहिलं नाही तिला रात्रभर जागवलं होतं, एका करपलेल्या भाकरीचा हिशोब मांडत बसवलं होतं.

दहा मिनिटं गेली. वीस गेली. पंचवीस. एवढा वेळ लागायला नको होता. 'हो, तेव्हा वाटत होतं, आता नाही' याला पंचवीस मिनिटं लागत नाहीत.

दार उघडलं. कुसाबाई बाहेर आल्या आणि आधी सुनेपाशी गेल्या.

"उठ. मला काय झालेलं नाय. कागद चुकून आपल्या घरी आला होता, दुसऱ्याचा हे. तुझं नाव कुठंच नाय त्यात. धन्या, ती पिशवी ठिव आत. आन् जेवून घ्या दोघं."

मग त्या स्नेहलकडे वळल्या. "जा. बोलावलंय."

"मला? का?"

"मी सांगून टाकलं."

"तुम्ही शब्द दिला होतात."

"दिला होता. मोडला." कुसाबाईंच्या आवाजात ना राग होता ना माफी. "आत बसले, मॅडम लय चांगलं बोलू लागली. किती दिवस झोप नाय, जेवन जातं का, रात्री काय मनात येतं, समदं इचारू लागली. मी हो हो म्हनू लागले. आन् मंग मला वाटलं, ही माझ्याशीच बोलून, माझीच समजूत घालून जाईल निघून. आन् तू बाराची नायतर एकची बस धरून जाशील त्या खोलीवर."

"माझी नोकरी गेली, मावशी."

"गेली असंल. त्याचं मला वाईट वाटतंय. पर दुसरं काय गेलं असतं तर मी कोनाला काय सांगितलं असतं?"

स्नेहल हलली नाही. तेव्हा कुसाबाईंनी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं, घरातल्या हट्टी पोराला उठवतात तसं, आणि आत नेऊन सतरंजीवर बसवलं. स्वतःही शेजारी बसल्या.

उज्वला मॅडमनी टॅब बंद करून बाजूला ठेवला होता. स्नेहल त्यांच्या चेहऱ्यावर राग शोधत होती. राग असता तर सोपं गेलं असतं.

"फॉर्मचं मला वर कळवावं लागेल," त्या म्हणाल्या. "मी ते लपवणार नाही, आणि पुढे काय होईल त्याबद्दल तुम्हाला खोटी आशाही दाखवणार नाही. पण ते उद्या. आज मी ज्या माणसाला भेटायला नाशिकहून आले, त्याला भेटते."

त्यांनी चष्मा पुसला, परत घातला आणि म्हणाल्या, "तुम्ही मला जे सांगाल ते जिवाला धोका असल्याखेरीज तुमच्या परवानगीशिवाय कुणालाही सांगितलं जाणार नाही. एखाद्या गोष्टीबद्दल बोलायचं नसेल तर बोलू नका. मध्येच थांबायचं असेल तर थांबता येईल. सुरू करू का?"

हे वाक्य स्नेहलने दोनशेच्या वर बायकांना वाचून दाखवलं होतं. भाजी निवडणाऱ्या, पोराला पाजणाऱ्या, अर्धं लक्ष दाराकडे असलेल्या बायका मान डोलवायच्या आणि ती पुढच्या पानावर जायची. कडुनिंबाखाली बसली तेव्हा तिने तेवढं एक पान न वाचताच पुढे ढकललं होतं. स्वतःचीच परवानगी काय घ्यायची!

आता तिला कळलं की या वाक्यानंतर 'नाही' म्हणता येतं. उठून जाता येतं. कुणी अडवणार नव्हतं.

"कुसाबाई, तुम्हालाही बाहेर थांबावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "नियमच आहे तसा. त्यांना मोकळं बोलता यायला हवं."

"बरोबर हे," म्हणत कुसाबाई गुडघ्यावर हात टेकून उठू लागल्या. त्या अर्ध्यातच थांबल्या. त्यांनी खाली बघितलं. त्यांच्या पदराचं टोक स्नेहलच्या मुठीत होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत घट्ट.

"त्यांना बसू द्या," स्नेहल म्हणाली.